एआयचं उत्तर आलं की लगेच मूठ आवळू नका: स्टोइक सवय लावून घ्यायची रीत

स्टोइक विचार, म्हणजे मन ताब्यात ठेवायला शिकवणारं प्राचीन ग्रीस-रोममधलं तत्त्वज्ञान, आणि एआय यांवरचे बहुतेक सल्ले ‘जे हातात नाही ते सोडा, शांत राहा’ इथवर येऊन संपतात. पाऊस आपल्या हातात नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला ग्रीसहून कुणी यायची गरज नाही. शिवाय रोमन काळातला स्टोइक गुरू एपिक्टेटस याचं म्हणणं तेवढंच नव्हतं. हा माणूस गुलामीत वाढला, सुटल्यावर ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा चालवली, आणि त्याचा सगळा जोर हातात उरलेलं थोडं नीट करण्यावर होता. पाऊस हातात नाही. ७५ ते १०० मिलिमीटर होईपर्यंत चाड्यावर मूठ न धरणं, म्हणजे पेरणी न करणं, हातात आहे.

लातूरच्या वाचनालयात रविवारी आम्ही काहीजण हा सराव करतो. नीट परीक्षेची तयारी करणारी पोरं असतात, शेतकरी असतात, निवृत्त मास्तर असतात. तिथं जे टिकलं तेच सांगतो.

१. वाटणी करा. वहीत उभी रेघ मारा. एका बाजूला कंपन्या काय काढणार, कुठल्या नोकऱ्या राहणार. दुसऱ्या बाजूला मी काय विचारणार, काय मानणार, काय पुढे पाठवणार. बास.

२. विचारण्याआधी स्वतःचं उत्तर लिहा. दोन ओळी, चुकीच्या असल्या तरी चालतील.

३. संमती रोखून धरा, म्हणजे समोर आलेलं लगेच खरं मानू नका. सगळा जीव या पायरीत आहे. मलाही हीच जड गेली, आणि सल्ले देणारे नेमकी हीच गाळतात.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये स्टोइक विचाराची शाळा सुरू करणारा झेनो हे हाताने दाखवायचा, असं रोमन लेखक सिसेरोनं लिहून ठेवलंय. उघडा तळहात म्हणजे मनापुढे आलेली गोष्ट. बोटं जराशी वळली की संमती. मूठ मिटली की आकलन. आणि दुसऱ्या हाताने ती मूठ घट्ट धरली की ज्ञान, जे फक्त शहाण्याकडे असतं. समोर काय येईल ते आपल्या ताब्यात नाही. बोटं वळवायची का नाही, ते आहे.

अडचण अशी की एआयपुढे बोटं कधी वळली ते कळतच नाही. पूर्वी खोटी माहिती यायची ती अवतारावरूनच ओळखू यायची: मोडकी मराठी, अनोळखी नंबर, दहा उद्गारचिन्हं. आता उत्तर येतं ते स्वच्छ, मुद्देसूद, आदराने बोलणारं. आधीच्या शब्दांपुढे कोणते शब्द शोभतील याच्या हिशोबावर हे यंत्र वाक्य रचतं. त्यामुळे खरं असो की रचलेलं, सूर तोच ठाम. त्यात तुमच्या प्रश्नातच तुमचं मत असेल, तर बऱ्याचदा ते मान डोलावतं. आपल्याला वाटतं पुरावा मिळाला. मिळालेला असतो आपलाच आवाज, जरा इस्त्री करून.

गेल्या खरिपात औसा भागातले एक काका सोयाबीनच्या पिवळ्या पानांचा फोटो घेऊन आले. “मोबाईल म्हणायलंय ना सर, नत्र कमी पडलंय, युरिया टाका.” पिशवी आणायला निघालेच होते. मी म्हटलं, “काका, बसा. आधी तीन ओळी लिहा.” तुम्हीही याच तीन लिहा: मी डोळ्यांनी काय पाहिलं, यंत्र काय म्हणालं, आणि या दोन्हींत मी मनाने काय घातलं.

पहिल्या ओळीवर काका अडले. पिवळं पान वरचं कोवळं की खालचं जुनं? शिरा हिरव्या आहेत का? त्यांनी हे पाहिलंच नव्हतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर चुनखडीच्या रानात लोहाची कमतरता असू शकते. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राचा संशय घ्यावा, तेही जपून, कारण सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र मिळवून देतात. पिवळे-हिरवे चट्टे असतील तर मोझॅक हा विषाणूचा रोग, जो पांढरी माशी पसरवते. त्याला युरिया काय करणार? तिसऱ्या ओळीत काकांनी लिहिलं, “शेजाऱ्यानं टाकलाय म्हणून मलाबी वाटलं.” उत्तर पटण्याचं खरं कारण हे होतं.

तरी बोटं सैल होत नसतील तर उलटा प्रश्न टाका: “युरिया का टाकू नये?” तितकंच सफाईदार उत्तर येईल. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की भूल उतरते. पण एक बजावून सांगतो, दुसरं उत्तर पहिल्याचा पुरावा धरू नका. पुरावा रानात आहे, कृषी विज्ञान केंद्रात आहे, औषधाचं प्रमाण बाटलीच्या लेबलवर आहे. तिथं पाहून मगच मूठ मिटा. आणि “माहीत नाही, उद्या बघू” हेही पूर्ण उत्तर आहे. संमती रोखून धरायला स्टोइक लोक भित्रेपणा मानत नव्हते.

प्रत्येक उत्तरावर असलं नाटक नको. भाजीची कृती विचारलीत तर करा आणि खा. पैसा, औषध, फवारणी, कोर्टकचेरी, कुणाची अब्रू, इथं मात्र तीन ओळी सोडू नका.

४. नोकरीची भीती. रात्री अंथरुणात व्हिडिओ बघून ती वाढते. दिवसा, कागदावर, एकदाच लिहा: माझं काम गेलंच तर पहिले सहा महिने काय? रोमन स्टोइक सेनेका संकटांचा आधीच विचार करून ठेवायला सांगायचा तो यासाठीच. लिहून झालं की उठा.

५. रात्रीचा हिशोब. आज कुठं घाईनं मान डोलावली, तेवढंच लिहा. हेही सेनेकाचंच. मात्र हा हिशोब एआयकडून लिहून घेऊ नका. स्टोइक मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट होता, हाताखाली लिहिणारे हवे तेवढे होते, तरी मनाशी बोलायचं ते त्यानं स्वतःच लिहिलं, काही भाग तर युद्धाच्या छावणीत. आणि ‘मार्कससारखं बोलून मला धीर दे’ असं यंत्राला सांगणाऱ्यांना एवढंच सांगेन, की त्याच्या नावावर फिरणारी कित्येक वाक्यं त्याची नाहीतच. तीही तिसऱ्या पायरीतून काढा.

सुरुवातीला दिवसाला एकच उत्तर निवडा. चाळीस पानी वही पुरते, आणि लिहिताना मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.