अंटार्क्टिकातला एवढासा कोव्ह नकाशावर नेमका कसा शोधायचा

कोव्ह म्हणजे किनाऱ्याला आत पडलेली छोटी, आडोशाची खोबण. तिला खाडी म्हणू नका. खाडी म्हटलं की दाभोळ आठवतं, नदीचं मुख आठवतं, आणि इथे नदीचा संबंध नाही. उदाहरणाला साउथ ऑर्कनी बेटांपैकी सिग्नी बेटावरचा फॅक्टरी कोव्ह घेऊ.

सुरुवात स्कारच्या (अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती) संयुक्त गॅझेटिअरपासून, म्हणजे स्थळनामांच्या सूचीपासून करा. ६० अंश दक्षिणेच्या खालची नावं त्यात मिळतात. अंटार्क्टिकात नावं ठरवणारी एकच जागतिक संस्था नाही. प्रत्येक देशाची समिती आपापली नावं ठरवते, स्कार ती फक्त एकत्र करते. त्यामुळे एकाच कोव्हच्या दोन-तीन ओळी सापडू शकतात: इंग्रजीत कोव्ह, स्पॅनिशमध्ये कालेता. नावाने एक ओळ मिळाली की तिचा ‘स्कार कॉमन आयडी’ उचला आणि त्यावरून पुन्हा शोधा. म्हणजे भावंडं एका जागी येतात.

मग अक्षांश-रेखांश. फॅक्टरी कोव्हची नोंद ६०°४३′ द., ४५°३६′ प. अशी आहे. बहुतेक चुका इथेच होतात.

नकाशात टाकताना ती −६०.७१६७, −४५.६० अशी टाका. मिनिटांना ६० ने भागायला विसरून ६०.४३, ४५.३६ लिहिलंत, तर उणे चिन्हं बरोबर असूनही ठिपका सुमारे ३२ किमी उत्तरेला सरकतो, शेजारच्या कोरोनेशन बेटाच्याही पलीकडे समुद्रात. दोन्ही उणे चिन्हं लिहायचीच राहून गेली तर थेट रशियात, वेलिकी उस्त्यूगच्या पश्चिमेला पोहोचता.

आकडे बिनचूक टाकले तरी ठिपका डोंगरावर पडू शकतो. नोंद पूर्ण मिनिटापर्यंतच आहे, म्हणजे अर्ध्या मिनिटाचा फरक दोन्ही बाजूंना राहू शकतो. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १,८५२ मीटर. रेखांशाचं मिनिट इथे आक्रसून साधारण ९०७ मीटरच उरतं. म्हणजे चूक उत्तर-दक्षिण ९०० मीटरच्या वर आणि पूर्व-पश्चिम ४५० मीटरपर्यंत असू शकते. छोटा कोव्ह तेवढ्यात सहज हरवतो.

म्हणून ठिपक्यापेक्षा गॅझेटिअरच्या नोंदीतल्या वर्णनावर भरवसा ठेवा. वर्णन सांगतं: बोर्ज बे या उपसागराच्या दक्षिण भागात, नाईफ पॉईंट आणि बर्न्ट्सेन पॉईंट यांच्यामधून आत शिरायचं. ही दोन टोकं उपग्रहचित्रावर शोधा, त्यांच्यात रेघ ओढा. रेघेच्या आतलं पाणी म्हणजे फॅक्टरी कोव्ह. खूण पटवायला आग्नेय किनारा बघा. १९२०-२१ मध्ये टॉन्सबर्गच्या नॉर्वेजियन कंपनीने उभारलेला देवमाशांचा कारखाना तिथेच होता, नाव त्यावरूनच पडलं. १९४७ पासून ब्रिटिश संशोधन तळही याच परिसरात आहे.

जुने नकाशे वाचताना एक फसगत ठरलेली. देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या १९१३ च्या सुमाराच्या नकाशात या कोव्हला बोर्ज हावना म्हटलं आहे. हावना म्हणजे बंदर. फॅक्टरी कोव्ह हे नाव १९२७ मध्ये डिस्कव्हरी इन्व्हेस्टिगेशन्स या ब्रिटिश सागरी संशोधन मोहिमेच्या लोकांनी दिलं. आजचा बोर्ज बे मात्र कोव्हला पोटात घेणारा मोठा उपसागर आहे. ‘बोर्ज’ एवढंच वाचून दोन्ही एक समजलात तर जुन्या नोंदींतली जहाजं चुकीच्या पाण्यात नांगरली जातील. नाव टिपताना शेजारी नकाशाचं साल आणि कॉमन आयडी लिहाच.