नवी पिकअप आणि ऐन तोडा: पहिले दीड हजार किलोमीटर

दसऱ्याला पिकअप दारात येते, हार-नारळ होतो आणि तिसऱ्या दिवशी तीच गाडी टोमॅटोच्या क्रेटांनी गच्च भरून पिंपळगाव बसवंतला, नाहीतर थेट वाशीच्या वाटेला लागते. नाशिक आणि नारायणगाव पट्ट्यात दरवर्षी हेच चालतं. अडचण कळते. हप्ता सुरू झालेला असतो आणि तोडा, म्हणजे मालाची काढणी, कुणासाठी थांबत नाही. पण डिझेल इंजिन पहिल्या हजार-दीड हजार किलोमीटरात जसं बसेल, तसंच पुढे वर्षानुवर्षं चालतं. म्हणून मुहूर्त साधायचाच असेल, तर पहिल्या चार-पाच फेऱ्यांना अर्धा माल भाड्याच्या टेम्पोने पाठवा आणि अर्धा नव्या गाडीत भरा. द्राक्षबागायतदारांना ही ओढाताण नाही. त्यांचा माल जानेवारीनंतर निघतो, तोवर गाडी शांतपणे बसवता येते.

इंजिन बसतं म्हणजे काय होतं, ते समजून घ्या. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक तिरके चरे पाडलेले असतात. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासत घासत भिंतीला घट्ट बसतात. त्यासाठी आतल्या वायूने रिंगा बाहेर दाबाव्या लागतात आणि इंजिनावर थोडा भार असल्याशिवाय हा दाब येत नाही. त्यामुळे ‘नवी आहे, सध्या रिकामीच फिरवू’ हा लाडही नडतो. बांधावर तासभर नुसती चालू ठेवली, तर भिंत काचेसारखी गुळगुळीत होते, रिंगा नीट बसत नाहीत आणि गाडी कायमची ऑइल खायला लागते. काठोकाठ भरून वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ओढायला लावणंही तितकंच वाईट. इंजिन घरघरायला लागलं की लगेच गिअर उतरवा. निम्मा भार, बदलता वेग, पूर्ण न दाबलेला ॲक्सिलरेटर, एवढं सांभाळलं की झालं. हायवेला लागलात तरी तासन्तास एकाच वेगाने पळवू नका. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटरचा आकडा वेगळा असेल, तर तोच धरा.

निम्मा भार म्हणजे किती? एका क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो, वर रिकाम्या क्रेटचं दीड-दोन किलो. ६० क्रेट झाले की १३०० किलो भरले. तुमची गाडी १.३ टनाची असेल, तर ती इथेच पूर्ण भरली. म्हणजे सुरुवातीला ३० क्रेट, फार तर ३५. त्याहून वर जाऊन क्षमता ओलांडली, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आहे, शिवाय जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये. टोमॅटोचा भाव पडलेला असेल, तर त्या फेरीची सगळी कमाई यातच जाते.

घाटाबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपण देशावरून माल घेऊन खाली जातो. कसारा असो वा माळशेज, भरलेली गाडी उतारावर आणि रिकामी चढावर. नव्या ब्रेकची पॅडं आणि लायनिंग पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरात पूर्ण बसलेली नसतात, त्यामुळे ब्रेक हवा तसा पकडत नाही. अशा गाडीत माल भरून रात्री कसारा उतरू नका. आधी जवळच्या फेऱ्या करा, हलक्या हाताने ब्रेक लावत पॅडं बसू द्या. नंतरही घाटात ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा. क्लचवर पाय ठेवून चालवू नका आणि उतारावर न्यूट्रल कधीच नको. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू राहिलं की तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं.

आता बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुरावरच्या नियमांचा मुद्दा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल पिकअपांना धुरातली काजळी अडवणारं फिल्टर, म्हणजे डीपीएफ असतं. काजळी साठली की गाडी ती आपणहून जाळते, पण त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो. घर ते मळा दोन-तीन किलोमीटर, एवढ्याच फेऱ्या झाल्या तर तो तापतच नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा वेळी गाडी मोकळ्या रस्त्याला काढा आणि वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. काजळी जळत असताना आरपीएम थोडे वाढतात, पंखा जोरात फिरतो, गरम वास येतो. त्यात बिघाड नाही. मात्र तेव्हा गाडी सोयाबीनच्या भुसावर, उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका, कारण खालचा पाइप आग लावण्याइतका तापलेला असतो. मळणीच्या दिवसांत खळ्यावर गाडी लावताना हे घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवा.

काजळी जळण्याचं काम वारंवार अर्धवट तुटलं, तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं. म्हणून आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि थंड असताना, डिपस्टिक बघा. पातळी कमी झाली तर काळजी करावी हे सगळ्यांना माहीत असतं, पण वरच्या खुणेच्या पुढे गेली तरी गाडी वर्कशॉपला दाखवा.

बाकी गोष्टींनी घाबरू नका. पहिल्या काही दिवसांत सायलेन्सरवरचा रंग आणि तेल जळल्याचा वास येतो, गिअर जड पडतो, कमानपाटे करकरतात, ॲव्हरेजही सांगितल्यापेक्षा कमी मिळतं. काही हजार किलोमीटर झाल्यावर ते सुधारतं. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळून घ्या. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत हीटरचा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारा. दहा मिनिटं उभ्याने तापवत बसू नका, अर्ध्या मिनिटात हलक्या पायाने निघा.

शेडमध्ये ट्रॅक्टरसाठी ऑइलचा डबा आणि डिझेलचा ड्रम असतोच. नव्या पिकअपला त्यातलं काही घालू नका. या इंजिनाला कमी राखेचं, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. दुसऱ्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही. ड्रमच्या तळाला साचलेलं पाणी इंजेक्टरपर्यंत पोचलं, तर त्याचा खर्च पहिल्या हप्त्यापेक्षा मोठा निघू शकतो. डिझेल पंपावरूनच भरा. पहिली सर्व्हिसिंग तोड्याच्या गडबडीत आली, तर बाजार बंद असतो त्या दिवशीची वेळ आधीच घेऊन ठेवा.