मुलं गाणं-वाजवणं शिकत असताना आईबाबांनी घरी नेमकं काय करायचं

माझी मुलगी आठ वर्षं झाली व्हायोलिन शिकतेय आणि मुलगा चार वर्षं तबला. मला स्वतःला दोन्हीतलं काही वाजवता येत नाही. तरी एवढ्या वर्षांत जे कळलं ते लिहून ठेवतेय कारण क्लासबाहेर थांबलेले नवे आईबाबा दर वेळी तेच विचारतात, रोज किती वेळ बसवायचं, परीक्षेला बसवायचं का, स्टेजवर विसरला तर काय, आणि मधेच सोडतो म्हणाला तर.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. शिकवायचं काम सरांचं किंवा ताईंचं. आपलं काम म्हणजे रोजची वेळ सांभाळणं, वाद्य नीट ठेवणं आणि ऐकणं. मी पहिली दोन वर्षं नेमकं उलटं केलं, मुलगी वाजवत असली की मी आतल्या खोलीतून ओरडायचे, चुकलं, परत घे. हळूहळू झालं असं की प्रत्येक ओळ संपली की ती दाराकडे बघायला लागली, मी काही बोलतेय का म्हणून. तिच्या ताईंच्या ते लक्षात आलं, त्या मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाल्या की तिच्या कानाचं काम तुम्ही करताय. मला ते फार लागलं पण खरं होतं. आपला सूर हलला हे मुलाला स्वतःला ऐकू येणं हेच तर शिकायचं असतं, आणि आपण आधीच सांगून टाकलं तर ते ऐकायची त्याला गरजच राहत नाही. तेव्हापासून मी सरावाच्या वेळी बोलत नाही, बसते आणि ऐकते.

वाद्याचं आधी बघा

बऱ्याच मुलांना वाद्यच नीट नसतं आणि आपण म्हणतो त्याचं लक्ष लागत नाही. व्हायोलिन साइझमध्ये येतं, फुल साइझ म्हणजे 4/4, त्याखाली 3/4, 1/2, 1/4, 1/8 आणि अगदी लहानांसाठी 1/16 सुद्धा. मुलाने व्हायोलिन खांद्यावर धरून डावा हात लांब केला की वरचं गोल टोक तळहातात आरामात यायला पाहिजे आणि कोपर थोडं वाकलेलं राहायला पाहिजे. कपडे घेतो तसं वाढत्या अंगाचं व्हायोलिन अजिबात घेऊ नका, बोटं ताणून ताणून मनगट दुखतं आणि पकड एकदा चुकीची बसली की ती सोडवायला खूप वेळ जातो. भाड्याने मिळत असेल किंवा क्लासमधल्या मोठ्या मुलाचं जुनं मिळत असेल तर ते घ्या. पियानो शिकत असेल तर सुरुवातीला साधा कीबोर्ड चालतो पण फार काळ नाही, कारण 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर बोटांना जोर लावायची सवयच होत नाही, मग 88 पट्ट्यांच्या, वजनदार पट्ट्या असलेल्या पियानोवर बसवलं की मूल गडबडतं.

आणि ट्यूनिंग. बेसूर वाद्यावर सराव झाला तर कानाला तेच बरोबर वाटायला लागतं. फोनवर ट्यूनर अ‍ॅप असतं, ए ची तार 440 हर्ट्झला लावायची, बारीक फरक असेल तर खालच्या फाइन ट्यूनरने, म्हणजे तारेच्या टोकाच्या छोट्या स्क्रूने, करायचा, वरची खुंटी सुरुवातीला आपण फिरवायची नाही, तार तुटते, ते ताईंकडून दोन-तीनदा नीट बघून मगच. तबल्याचंही तेच, हवेत ओल आली की पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल होते आणि सूर उतरतो. त्यात मुलाचा काही दोष नसतो. हातोडीने लावायला सरांकडून शिकून घ्या, मी शिकले, वेळ लागला पण जमतं. गाणं शिकणाऱ्यांसाठी तानपुऱ्याचं अ‍ॅप आणि मुलाची पट्टी, म्हणजे त्याचा सा कुठल्या सुरावर, ते सरांना विचारून लिहून ठेवलं की झालं.

रोजचा सराव

लहान मुलाला, म्हणजे सात-आठ वर्षांच्या, पंधरा-वीस मिनिटं रोज खूप झाली. रविवारी दीड तास बसवून आठवड्याचं भरून काढणं हे काही खरं नाही, कारण हाताला बसलेली गोष्ट पक्की व्हायला मध्ये झोप लागते, काल अडलेली जागा आज सकाळी आपोआप सोपी वाटते ती त्यामुळेच. त्यामुळे रोज थोडं. आणि घड्याळाची वेळ ठरवण्यापेक्षा दुसऱ्या कशाला तरी जोडून द्या, शाळेतून आल्यावर खाणं झालं की लगेच, किंवा सकाळी दात घासले की, म्हणजे रोज आठवण करून द्यायची आणि त्यावरून भांडायची गरज पडत नाही. वाद्य पेटीत, पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप असं असेल तर सराव होणार नाही, ते समोर दिसेल असं, सुरक्षित ठेवा.

सरावात मुलं काय करतात तर पहिल्यापासून सुरू करतात, मधे अडतात, परत पहिल्यापासून. अशाने सुरुवातीच्या सोप्या चार ओळी वीस वेळा वाजतात आणि अवघड जागा एकदा. इथे आपण संगीत न येताही मदत करू शकतो, फक्त एवढं विचारायचं की आज कुठली जागा अडतेय. ती जागा तो दाखवतो, मग तेवढीच घ्यायची, मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र किंवा अ‍ॅप, मिनिटाला 60 वर लावून, सलग पाच वेळा न अडता आली की चार-पाचने वाढवायचा, चुकलं की परत खाली. कंटाळवाणं वाटेल पण दहा मिनिटांत फरक ऐकू येतो, आणि तो फरक मुलालाच ऐकू येतो म्हणून मला ही पद्धत फार आवडते. अजून एक म्हणजे शेवटच्या ओळीपासून मागे मागे यायचं, म्हणजे वाजवताना आपण अनोळखी भागाकडून ओळखीच्या भागाकडे जातो, शेवट डळमळीत राहत नाही.

तबल्याला तर मी स्वतः टाळी धरते. तीनतालाच्या 16 मात्रा, 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला खाली, म्हणजे टाळी न देता नुसता हात फिरवायचा, एवढं कुणीही आईबाबा आठवड्यात शिकू शकतात. त्याने आधी बोल तोंडाने म्हणायचे हातावर ताल देत, आणि तोंडात बसले की मगच डग्ग्यावर हात. तोंडाने न येणारा कायदा, म्हणजे तबल्यावरची बोलांची बांधलेली रचना, हाताने येत नाही हे सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

दर रविवारी अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून तारीख टाकून ठेवा. दाखवायला किंवा कुणाला पाठवायला नको, तीन महिन्यांनी मूल म्हणतं ना की मला काहीच येत नाही, त्या दिवशी ते काढून ऐकवायचं.

कौतुक करताना वा छान छान पेक्षा काय छान ते सांगा. ती लांब ओढ आज थरथरली नाही, आज लय पळाली नाही. आपल्याला खरंच ऐकू आलं तेच सांगायचं, मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं.

क्लासमध्ये बसायचं की नाही

जपानी व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत तर लहान मुलाबरोबर आई किंवा वडील क्लासला बसतात, थोडं वाजवायलाही शिकतात, मग घरी मुलाचा सराव तेच बघतात. लहान वयाला हे बरंच चांगलं चालतं, मी पण पहिली तीन वर्षं कोपऱ्यात वही घेऊन बसायचे आणि ताई काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहायचे. पण साधारण दहा-अकरा वर्षांनंतर मुलाला आपला तो तास हवा असतो, तेव्हा बाहेर थांबा. सरांशी बोलायचं असेल तर वेळ मागून बोला, दारात उभं राहून मुलासमोर हा घरी बसतच नाही हो अशी तक्रार करू नका, मूल तिथेच उभं असतं आणि पुढचा पाऊण तास त्याला त्याच सरांसमोर वाजवायचं असतं.

परीक्षा

परीक्षा द्यायलाच पाहिजे असं नाही. काही मुलांना तारीख समोर असली की बळ येतं, काहींचं वाजवणंच आखडतं, आपलं मूल कुठलं ते सरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. हिंदुस्थानी संगीतात बरेच जण अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात, प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि वर अलंकार. या परंपरेचं मूळ विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 ला लाहोरला काढलेल्या गांधर्व महाविद्यालयात आहे. वरच्या परीक्षांना लेखी पेपरही असतो आणि तो मुलं शेवटच्या आठवड्यावर टाकतात, रागाची माहिती, व्याख्या, तालाचं लिपीत लेखन, हे रोज पाच मिनिटं करून घ्या, इथे मात्र आईबाबा प्रश्न विचारणारे म्हणून खूप कामाचे.

पाश्चात्त्य वाद्यांना ग्रेड एक ते आठ. एबीआरएसएम (ABRSM) या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या प्रॅक्टिकलला एकूण 150 मार्क, 100 ला पास, 120 ला मेरिट, 130 ला डिस्टिंक्शन. ट्रिनिटी या लंडनच्या दुसऱ्या मंडळाला हेच 100 पैकी 60, 75 आणि 87. हे आकडे का सांगतेय तर एबीआरएसएममध्ये तीन पीसेसना, म्हणजे तयार करून नेलेल्या रचनांना, प्रत्येकी 30 म्हणजे 90 होतात, उरलेले 60 हे स्केल्स (सुरांचे चढते-उतरते क्रम) 21, साइट रीडिंग (आधी न पाहिलेली ओळ बघून वाजवणं) 21 आणि कानाची परीक्षा 18 असे असतात आणि घराघरांत सराव फक्त पीसेसचा चाललेला असतो. साइट रीडिंगसाठी रोज एक नवी सोपी ओळ, एकदाच वाजवायची, अडली तरी थांबायचं नाही, पुढे जायचं. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते, एबीआरएसएमची सहावी ग्रेड द्यायच्या आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्या जागी चालणारी परीक्षा पास असावी लागते, तर ती एक वर्ष आधीच डोक्यात ठेवा.

वर्षभर तेच तीन पीस घासून परीक्षा द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या ग्रेडचे तीन, असं मात्र करू नका हो. मी अशी मुलं बघितलीत ज्यांच्याकडे सर्टिफिकेट भरपूर आहेत आणि कुणी म्हणालं काहीतरी वाजव तर वाजवायला काही नाही. दोन परीक्षांच्या मध्ये सहा महिने तरी मोकळे, मनातली गाणी, सोप्या रचना, कुणाबरोबर तरी मिळून वाजवणं.

परीक्षेआधी दोन आठवडे घरात खोटी परीक्षा घ्या. दार वाजवून आत यायचं, नमस्कार करायचा, बसायचं, एकदाच वाजवायचं, परत सुरुवात करायची परवानगी नाही. परीक्षक म्हणून मुलाला थोडं अनोळखी असलेलं कुणी बसलं तर उत्तम. साथीला पियानो किंवा पेटी असेल तर त्या माणसाबरोबर दोन तरी तालमी व्हायलाच पाहिजेत. फॉर्मवरच्या नावाचं स्पेलिंग तपासा, सर्टिफिकेटवर तेच येतं.

निकाल लागला की कागद आधी मुलाच्या हातात. मार्क कमी असतील तर परीक्षकाचा शेरा दोन दिवसांनी शांतपणे सरांबरोबर वाचा, त्यात बऱ्याचदा पुढच्या सहा महिन्यांचा सराव लिहिलेला असतो.

स्टेज

स्टेजवर हात गार पडतात, थरथरतात, छाती धडधडते. हे अ‍ॅड्रेनॅलिनमुळे होतं, शरीर तयारीत असतं, आणि हे मुलाला आधीच सांगून ठेवा की असं होणार आहे, मोठ्या कलाकारांनाही होतं. घाबरू नकोस म्हणण्याचा काही उपयोग नाही. हात गरम ठेवायला हातमोजे किंवा गरम पाण्याची बाटली, आणि श्वास घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ, असे पाच-सहा श्वास.

माझी मुलगी एका कार्यक्रमात मधेच पूर्ण विसरली. तिला फक्त पहिल्यापासून वाजवता यायचं, त्यामुळे अडल्यावर जायला जागाच नव्हती, ती उभी राहिली आणि मग आत गेली. त्यानंतर ताईंनी प्रत्येक रचनेत चार ठिकाणी खुणा करायला लावल्या आणि कुठल्याही खुणेपासून वाजवता आलंच पाहिजे असा सराव करून घेतला. पुढच्या वेळी ती परत अडली, पण पुढच्या खुणेवर उडी मारली आणि हॉलमध्ये बहुतेकांना कळलंही नाही. पाठांतर असेल तर हे नक्की करा.

स्टेजचे कपडे घालून एकदा घरी पूर्ण वाजवून घ्या. गुळगुळीत कापडावरून व्हायोलिनचा शोल्डर रेस्ट घसरतो, लांब बाही तबल्यावर येते. दिव्यांच्या उष्णतेने सूर बदलतो म्हणून स्टेजवर परत लावायला वेळ मागा, तो मागायला लाजू नका. आणि तुम्ही मुलाच्या थेट नजरेसमोर बसू नका, चुकल्याबरोबर ते तुमचा चेहरा बघतं. शूटिंगसाठी मोबाइल दुसऱ्या कुणाला तरी द्या.

नंतर गाडीत चुकांबद्दल एक शब्द नाही. ऐकायला मजा आली, भूक लागली का, बस. बोलायचं असेल तर तेच बोलेल.

सोडायचं म्हणतो तेव्हा

लगेच हो पण नको आणि नाही पण नको. नेमकं काय सोडायचंय ते शोधा, वाद्य, चालू रचना, परीक्षा, की शिक्षक. दुखतंय का ते आधी विचारा, मनगट, खांदा, मान सतत दुखणं हे सरावाचा भाग नाही, बसण्यात किंवा पकडीत काहीतरी चुकतंय. मुलगा गाणं शिकत असेल आणि आवाज फुटायचं वय असेल तर तो आळस करत नाहीये, आवाज खरंच हातात राहत नाही, त्या काळात खालच्या पट्टीत, थोडं आणि हलकं गायचं, जोर लावायला लावू नका.

मुलाने मागच्या वर्षी तबला सोडतो म्हणून सांगितलं. विचारल्यावर कळलं की परीक्षेचे कायदे नको झालेत. सरांशी बोललो, परीक्षा एक वर्ष पुढे ढकलली, क्लास आठवड्यातून दोनचा एक केला, आणि सरांनी त्याला गाण्याला साथ करायला बसवलं, क्लासमधल्याच एका मुलीच्या. दुसऱ्या कुणासाठी ठेका धरायचा तर आपली लय पळून चालत नाही हे त्याला तिथे कळलं. आता रोज वीस मिनिटं बसतो, कधी तीसही होतात, आणि परीक्षेचा फॉर्म यंदा भरायचा की नाही हे तो सरांशी बोलून ठरवणार आहे, मी विचारलेलं नाही.