ट्रीव्ह्यू उघडायला वेळ लागतोय? फांद्या मागितल्यावरच भरा

विंडोज फॉर्म्समध्ये (डॉटनेटमधली खिडक्यांचे प्रोग्राम बनवायची सोय) अख्ख्या ड्राइव्हचे फोल्डर ट्रीव्ह्यूत, म्हणजे फांद्याफांद्यांची यादी दाखवणाऱ्या कंट्रोलमध्ये, दाखवायचे म्हटले की फॉर्म उघडतानाच अडकतो, कारण आपण हजारो नोड (यादीतली एकेक नोंद) आधीच भरत बसतो. वापरणारा त्यातले दहा-वीसच उघडतो.

१. सुरुवातीला फक्त वरची पातळी भरा. प्रत्येक नोडच्या टॅगमध्ये (आपली माहिती ठेवायची प्रॉपर्टी) त्या फोल्डरचा पूर्ण पाथ ठेवा.

२. प्रत्येक नोडखाली एकच खोटा नोड टाका आणि त्याच्या नेम प्रॉपर्टीला 'डमी' अशी खूण द्या. हा नोड नसेल तर अधिकचे चिन्ह दिसत नाही आणि फांदी उघडताच येत नाही. सगळी युक्ती या एका ओळीत आहे.

३. बिफोरएक्सपँड इव्हेंटमध्ये, म्हणजे फांदी उघडण्याच्या आधी चालणाऱ्या कोडमध्ये, पहिला उपनोड तोच खुणेचा आहे का ते तपासा. असेल तरच उपनोड क्लिअर करून खरे फोल्डर वाचा आणि प्रत्येकाखाली पुन्हा एक डमी टाका. तपासणी गाळली तर फांदी दर वेळी नव्याने भरली जाते आणि आत उघडलेले सगळे मिटते.

भरण्याआधी बिगिनअपडेट, भरल्यावर एंडअपडेट. मग प्रत्येक नोडला ट्री पुन्हा रंगवला जात नाही, लुकलुकणेही थांबते.

एक सांभाळा: काही सिस्टिम फोल्डर वाचायची परवानगी नसते आणि तिथे एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना येणारी चूक) येते. म्हणून वाचन ट्राय-कॅचमध्ये (चूक पकडणारा कोड) घ्या आणि एंडअपडेट फायनलीतच, म्हणजे चूक आली तरी चालणाऱ्या भागात, लिहा. एंडअपडेट राहून गेले तर ट्री गोठल्यासारखा दिसतो आणि चूक शोधण्यात दुपार जाते.