जुनी लष्करी रायफल ‘स्पोर्टिंग’ करायला निघालात? आधी या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात लष्कराने काढून टाकलेल्या ली-एन्फिल्ड, माउझर, स्प्रिंगफिल्ड रायफली अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. लोकांनी लाकूड तासलं, नळी कापली, वर दुर्बीण बसवली आणि हरणांच्या मागे लागले. लष्करी रायफलीची अशी शिकारी रायफल करणं म्हणजेच ‘स्पोर्टिंग’ करणं. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी हे काम नीट केलं. घरोघरच्या गॅरेजमध्ये जे झालं त्याबद्दल न बोललेलं बरं. आज तिकडे मूळ अवस्थेतल्या रायफलीला भाव आहे आणि कापलेली सहसा कमी किमतीत जाते.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. .३०३ हा प्रतिबंधित बोर (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इथे इंचात), साध्या परवान्यावर मिळत नाही. पण बीएसए या ब्रिटिश कंपनीने ली-एन्फिल्डच्याच यंत्रणेवर .३१५ ची स्पोर्टिंग रायफल काढली, पुढे बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यानेही काढली, आणि आजोबांच्या परवान्यावरची ती रायफल नाशिक-निफाडच्या काही घरांत अजून आहे. म्हणजे कारखान्यातूनच स्पोर्टिंग होऊन आलेल्या रायफलीला पुन्हा स्पोर्टिंग करायची हौस! शिकारीचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषयच संपला. उसात बिबट्या दिसला तर वनखात्याला फोन करायचा, कपाट उघडायचं नाही.

अंबडचा ओळखीचा लेथवाला

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: काम ओळखीच्या लेथवाल्याकडे देणं. नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारे कारागीर आहेत, हाताबद्दल शंका नाही. पण शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती किंवा फेरफार धंदा म्हणून करायला वेगळा परवाना लागतो, आणि कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. रायफलीचा परवाना तुमच्याकडे असला तरी तो लेथवाल्याच्या कामी येत नाही. तुम्हीही अडकता आणि तो बिचाराही. काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच द्या, आणि काय करायचंय ते आधी लेखी विचारून घ्या: शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय.

याच्याच जोडीला पॉलिशचं खूळ. बफिंग व्हीलवर धरलं की गंज जातो, त्याबरोबर कडा गोल होतात, खुणा बुजतात आणि नंबरही पुसट होतो. नंबर पुसणं हा कलम ८ खाली गुन्हा आहे. ‘चकाकी आणायला गेलो होतो’ हे तिथे ऐकून घेत नाहीत. वरवरच्या गंजाला तेल आणि अगदी बारीक स्टील वूल पुरतं. नंबरावर हात फिरवायचाच नाही.

लाकूड: इथेच निम्म्या रायफली बिघडतात

ली-एन्फिल्डचं लाकूड दोन तुकड्यांचं असतं. मागचा दस्ता एका लांब बोल्टने रिसीव्हरला, म्हणजे नळीमागच्या पोलादी सांगाड्याला, आवळलेला असतो, आणि त्याचं डोकं दस्त्याच्या टाचेतल्या भोकातून दिसतं. लांब स्क्रूड्रायव्हर घालून तो फिरवावा असं कोणालाही वाटेल. पण लष्करी एसएमएलईत (ली-एन्फिल्डचं आखूड रूप) त्या बोल्टचं पुढचं चौकोनी टोक पुढच्या लाकडात बसवलेल्या पत्र्याच्या पट्टीत अडकलेलं असतं. दस्ता आधी सोडवायला गेलात की ते चौकोनी टोक पट्टीत फिरतं आणि पुढचं लाकूड मागच्या बाजूने उकलतं. ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, बस. म्हणून क्रम ठरलेला: आधी पुढचं लाकूड काढायचं, मग दस्ता. तुमच्या .३१५ मध्ये ती पट्टी आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, तेव्हा क्रम तोच ठेवा.

दुसरी गोष्ट त्याच मागच्या टोकाची. ट्रिगरच्या वरच्या भागात पुढच्या लाकडाचे दोन छोटे पृष्ठभाग रिसीव्हरला घट्ट टेकलेले असतात. गोळीचा धक्का लाकडात जातो तो तिथून. ते झिजले किंवा तेल पिऊन मऊ झाले की रायफल लाकडात हलायला लागते, निशाणावरच्या गोळ्या कुठेही जातात आणि आपण दोष देतो माशीला, म्हणजे नळीच्या तोंडावरच्या नेमाच्या खुणेला. माशी ठोकत बसण्याआधी हे टेकण बघून घ्या. इशापूरच्या बऱ्याच रायफलींत मॅगझिनच्या पुढे लाकडातून एक आडवा स्क्रू गेलेला दिसतो. तो कोणा सुताराने मारलेला नाही, लाकूड फाकू नये म्हणून कारखान्यातच घातलेला आहे. तो काढून भोक बुजवणारे भेटतात.

पुढचं लाकूड अर्ध्यात कापून रायफल ‘सडपातळ’ करायची तर आणखी एक भानगड आहे. लष्करी एसएमएलईत नळीच्या तोंडाजवळचं लाकूड आणि नाकाडाची टोपी (पुढच्या टोकावरची धातूची टोपी) मिळून नळीला ठरावीक दाब देतात. कापलं की तो दाब गेला, नेम बदलला. मग नळी पूर्ण मोकळी ठेवायची तर नीट मोकळी ठेवा. आपल्या हवेत हे जास्तच लागू होतं. पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात, लाकूड फुगतं आणि एप्रिलमध्ये आकसतं. उन्हाळ्यात मोकळी वाटलेली नळी ऑगस्टमध्ये एका बाजूने टेकलेली असते. रिकाम्या रायफलीत नळीखालून दहाची नोट सरकवून बघा. अडकली तर तिथे टेकतंय. नळी तापल्यावर गोळ्या एकाच दिशेने सरकत जात असतील तरी पहिला संशय याच्यावर घ्यायचा.

नवा दस्ता सागवानाचा करून घेणाऱ्यांना एक विनंती: सागवान दाराला ठेवा. त्याच्या अंगच्या तेलामुळे गोंद आणि इपॉक्सी नीट धरत नाहीत. अक्रोड घ्या, आणि दस्त्याच्या मनगटाच्या, म्हणजे हाताची पकड बसते त्या, बारीक भागातून रेषा सरळ लांबीने जाते ना ते बघा. वर वार्निश नको. जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या.

बोल्ट आणि दुर्बीण

हा बोल्ट दस्त्याचा नव्हे, काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा. तो अदलाबदल करू नका. दोन रायफली शेजारी ठेवल्या की हे सहज होतं. काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांतलं अंतर प्रत्येक रायफलीला जुळवलेलं असतं. एन्फिल्ड नंबर ४ ला तर त्यासाठी ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्टची डोकी मिळायची. झाडलेल्या काडतुसाचा प्रायमर (बुडातली पेट घेणारी टोपी) बाहेर आलेला दिसला, किंवा बुडाच्या वर सभोवार चकचकीत रेघ वा भेग दिसली, तर पुढची गोळी झाडायची नाही. हे अंतर मोजायचं गेज असलेल्या कारागिराकडे जा. घरी पट्ट्या घालून जमवाजमव करू नका, तोंडासमोरचं काम आहे.

दुर्बिणीसाठी रिसीव्हरला भोकं पाडणं ही परत न फिरणारी गोष्ट. एक भोक वाकडं गेलं की दुर्बिणीची नेम जुळवायची सगळी फिरकी संपली तरी नेम लागत नाही. माउझर ९८ ला आणखी दोन अडचणी: जुना सरळ बोल्टचा दांडा आणि वर उभा राहणारा सेफ्टीचा पंख, दोन्ही दुर्बिणीला आपटतात. भोकं न पाडता बसणारे माउंट मिळतात, आधी ते शोधा. अमेरिकेतला भाचा १९०३ ची स्प्रिंगफिल्ड घेऊन हेच करत असेल तर त्याला नंबर विचारा. स्प्रिंगफिल्ड शस्त्रागारातल्या ८,००,००० च्या खालच्या रिसीव्हरांचं पोलाद ठिसूळ निघालं होतं, त्याला हात न लावलेला बरा.

गंज आणि निवडणूक

जुन्या प्रायमरांत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचं मीठ नळीत राहतं आणि ओल खेचतं. नुसत्या तेलाने ते जात नाही. आधी उकळतं पाणी, मग कोरडं फलालीन, मग तेल, ही पलटणीतली जुनी रीत आजही बरोबर आहे.

आचारसंहितेत रायफल जमा करावी लागली तर देण्याआधी नळीला आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ थर द्या आणि पट्ट्याला चिठ्ठी बांधा: ‘झाडण्याआधी ग्रीस काढणे’. नळीच्या तोंडात बोळा कोंबून देऊ नका. आत दमटपणा कोंडतो, आणि बोळा विसरून कोणी गोळी झाडली तर नळी फुटते.