परदेशात पेटंट अर्ज करताना या चुका टाळा

मी पुण्यात लघुउद्योजकांचे पेटंट अर्ज तयार करतो. परदेशी अर्जांत त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहून वाईट वाटते, कारण त्या संशोधनातल्या नसतात, घाईतल्या असतात. मुळात ‘जागतिक पेटंट’ असे काही नसते. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून ज्या पीसीटी (पेटंट सहकार्य) या आंतरराष्ट्रीय करारात आहे, तो एका अर्जावर अनेक देशांतली तुमची जागा राखून ठेवतो; पेटंट त्या त्या देशाच्या किंवा युरोपीय कार्यालयाकडून वेगळे मिळवावे लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘आधी काहीतरी भरून टाकू, सविस्तर नंतर लिहू’ हा विचार. भारतात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता पहिला अर्ज केल्यावर परदेशी अर्जासाठी १२ महिने मिळतात हे खरे, पण पहिल्या तारखेचा लाभ त्या अर्जात जे लिहिले आहे तेवढ्यालाच मिळतो.

सोलापूरकडच्या एका कारखानदारांनी डाळिंबाचे दाणे न फोडता सुटे करणारे यंत्र बनवले होते. त्यांनी दीड पानाचा प्रोव्हिजनल अर्ज स्वतःच दाखल केला. त्यात अर्ध्या फळावर रबरी ठोके देण्याचे वर्णन होते. पण ज्या थरथरत्या तिरक्या जाळीमुळे दाणा शाबूत राहत होता, तिचा उल्लेखही नव्हता. अर्ज झाला म्हणजे संरक्षण मिळाले, या समजुतीने चौथ्या महिन्यात त्यांनी एका कृषी प्रदर्शनात यंत्र चालवून दाखवले आणि व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. ते माझ्याकडे आले बाराव्या महिन्यात. पीसीटी अर्जात जाळी आली, पण तिला पहिली तारीख मिळणे शक्य नव्हते. पुढे युरोपीय परीक्षकाने, जाळी आधीच जगजाहीर झाली म्हणून ती नवी नाही, असे म्हणत त्यांचाच व्हिडिओ त्यांच्याविरुद्ध लावला, आणि सोबत जाळी स्वच्छ दिसते ते दृश्यही जोडले. शोधकाने स्वतः केलेल्या प्रकटीकरणाला अमेरिकेत एक वर्षाची सवलत असल्यामुळे तिथला मार्ग उघडा राहिला. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही, आणि युरोपीय पेटंट कराराच्या कलम ५५ मधल्या अरुंद अपवादांत आपली कृषी प्रदर्शने बसत नाहीत.

तेव्हापासून मी मसुदा कार्यालयात बसून अंतिम करत नाही. यंत्र चालवणाऱ्या कामगाराला यंत्रापाशी उभे करतो. त्याने एकेका भागावर हात ठेवायचा आणि तो भाग मसुद्यात कुठे आहे ते मी दाखवायचे. जो सापडत नाही तो तिथेच लिहून घ्यायचा. यात अख्खा दिवस जातो. एका दिवसात अर्ज क्रमांक मिळवून देणाऱ्या स्वस्त सेवांना माझा विरोध आहे तो यासाठीच, कारण क्रमांक हातात पडला की माणूस निर्धास्त होऊन माल दाखवायला निघतो.

भारतात राहणाऱ्या शोधकाने थेट परदेशात अर्ज करू नये. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३९ नुसार आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावे, किंवा फॉर्म २५ भरून लेखी परवानगी घ्यावी; हे टाळल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. परदेशी अर्जांची माहिती फॉर्म ३ मध्ये भारतीय कार्यालयाला द्यायलाही विसरू नये.

पीसीटीनंतर अमेरिकेत आणि जपानमध्ये पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांत, तर युरोपीय कार्यालयात ३१ महिन्यांत प्रवेश करावा लागतो, म्हणजे तिथली स्वतंत्र प्रक्रिया सुरू करावी लागते. माझ्या वहीत मात्र २६ वा महिना हीच शेवटची तारीख असते, कारण घाईत केलेले भाषांतर दाव्यांचा, म्हणजे संरक्षणाची हद्द ठरवणाऱ्या वाक्यांचा, जीव घेते. मूळ दाव्यात ‘हे भाग समाविष्ट असलेले यंत्र’ असावे आणि जपानी मजकुरात ते ‘फक्त याच भागांचे यंत्र’ व्हावे, एवढा फरक पुरतो. मग स्पर्धकाने एक जादा भाग जोडला तरी तो तुमच्या दाव्याबाहेर पडतो. म्हणून मी दाव्यांचे भाषांतर दुसऱ्या भाषांतरकाराकडून उलट इंग्रजीत करून घेतो आणि मूळ मजकुराशी शब्दाशब्दाने ताडतो. हा खर्च वाचवू पाहणाऱ्यांना मी एक देश कमी करायला सांगतो.

शेवटची चूक फसवणुकीला बळी पडण्याची. पहिल्या तारखेपासून साधारण १८ महिन्यांनी पीसीटी अर्ज प्रसिद्ध होतो, अर्जदाराचे नाव-पत्ता सर्वांना दिसू लागतो, आणि सरकारी वाटणारी ‘नोंदणी शुल्का’ची बिले घरी येऊ लागतात. जिनीव्हाची जागतिक बौद्धिक संपदा संघटना अशा बिलांचे नमुने दाखवून सावध करते. असे पत्र आले, तर पैसे भरण्याआधी ते जसेच्या तसे आपल्या पेटंट एजंटाकडे पाठवावे.