गणपतीआधी गवत कापायच्या मशीनची तयारी

गावचं घर उघडायला जावं तर कुलपाच्या आधी गवत आडवं येतं. लांज्याकडे आमच्या घराची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, भाद्रपदात कंबरभर गवतात गेलेली असते, आणि खळ्यात टाकळा नि रानमोडी माजलेली. हातात चार दिवस, त्यातला एक मखरात जातो. मागच्या वर्षी उरलेल्या तीनपैकी दीड दिवस मी पडवीत बसून मशीनची दोरी ओढत होतो. शेवटी शेजारचे आबा कोयती घेऊन आले आणि त्यांनी तासाभरात पाखाडी मोकळी केली. मला काही बोलले नाहीत, फक्त मशीनकडे बघून हसले. यंदा तयारी मुंबईतूनच सुरू केली आहे.

पहिलं काम फोनवरचं. गावात जो कोणी घराकडे बघतो त्याला मशीनचे तीन फोटो काढून पाठवायला सांगा: इंजिनावरची पट्टी, स्पार्क प्लगवर छापलेला नंबर आणि गवत कापणारा दोरा गुंडाळायचं हेड, खालच्या बाजूने. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो ‘कुठलं मॉडेल?’ आणि ‘लाल रंगाचं’ या उत्तरावर काहीही मिळत नाही. त्याच फोटोत मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक तेही कळतं. ऑइल भरायचं वेगळं झाकण असेल तर फोर-स्ट्रोक; त्यात साधं पेट्रोल जातं आणि ऑइल त्याच्या जागी. वेगळं झाकण नसेल तर टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. आमचं टू-स्ट्रोक आहे, म्हणून पुढचं बहुतेक त्याच्याबद्दल. फोर-स्ट्रोकवाल्यांनी जाण्याआधी पुस्तिका उघडून ऑइल कधी बदलायचं तेवढं पाहावं. होंडाच्या ३५ सीसीच्या छोट्या इंजिनाला जेमतेम १०० मिली ऑइल लागतं आणि ते दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं असतं. एवढ्याशा तेलावर इंजिन चालतं, त्यामुळे ते काळं पडायला वेळ लागत नाही.

पिशवीत भरायचं सामान फार नाही. एक नवा प्लग, टाकीतला पेट्रोल फिल्टर, पेट्रोलच्या नळ्यांचा एक जोड, रबरी फुगा (जो दाबून पेट्रोल वर चढवतात तो), एअर फिल्टरचा स्पंज, गिअरसाठी ग्रीसची छोटी ट्यूब आणि तंगूस. बाजारात त्याला ट्रिमर लाइन म्हणतात, पण आमच्याकडे मासे धरायचा तोही तंगूस आणि गवत कापायचा हाही तंगूस. हे सगळं एका डब्यात मावतं. पेट्रोल मात्र रेल्वेत न्यायचं नाही, तो गुन्हा आहे. दुरुस्तीला आणलेलं मशीन परत नेत असाल तर त्याचीही टाकी कोरडी हवी.

आता पेट्रोल. माझ्या मते या यंत्राची दहापैकी आठ दुखणी इथलीच असतात. गेल्या गणपतीत टाकीत राहिलेलं पेट्रोल यंदा वापरायचं नाही, वास कितीही चांगला येवो. ते उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर ठेवतं. त्यात आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलावा काही शोधायला लागत नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतला फिल्टर वजनाने तळाला टेकलेला असतो, म्हणजे इंजिन ओढतं ते नेमकं खालचं, बिनऑइलचं पाणचट मिश्रण. शंका असेल तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं उजेडात ठेवा. मध्ये रेघ दिसली की वाद संपला.

नवं पेट्रोल पत्र्याच्या कॅनमधून आणा आणि लागेल तेवढंच आणा. मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं, तेच धरायचं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, ४०:१ म्हणजे २५, आणि २५:१ म्हणजे ४०. अंदाजपंचे झाकणाने ओतू नका. औषधाच्या बाटलीसोबत येतो तो मापाचा कप घ्या. ऑइल टूटीचंच (2T, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं), गाडीच्या इंजिनाचं नाही. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, मग हलवून उरलेलं पेट्रोल. झालेलं मिश्रण महिन्याच्या आत संपवायचं. आणि त्या कॅनला लाल चिंधी बांधा. आमच्या एका काकांनी घाईत बाइकसाठी आणलेलं साधं पेट्रोल मशीनमध्ये ओतलं. पंधरा मिनिटं मशीन नेहमीपेक्षा झकास चाललं आणि मग पिस्टन जाम झाला. टूटी ऑइलला मुद्दाम रंग घातलेला असतो, तो बघायची सवय लावून घ्या. टाकीत ओतताना धार साध्या पेट्रोलसारखी दिसली तर हात थांबवा.

मशीन माळ्यावरून उतरवलं की लगेच दोरी ओढायची नाही. आधी सायलेन्सरच्या तोंडात बघा. कुंभारीण माशीला ती भोकं फार आवडतात. मागच्या वर्षी मी तिथून करंगळीएवढं सुकलेल्या मातीचं घर टोकरून काढलं, आत तिने पिल्लांसाठी साठवलेले कोळी होते. मग पेट्रोलच्या नळ्या. बोटांनी वाकवून पाहा. मऊ असतील तर ठीक. पिवळ्या पडून कडक झाल्या असतील, टोकाला चीर असेल किंवा उंदराने चाखल्या असतील तर बदला. चिरेतून पेट्रोल गळतं ते दिसतं तरी, पण हवा ओढली जाते ती दिसत नाही आणि मशीन भूक लागल्यासारखं धापा टाकत राहतं. नळीच्या टोकाचा फिल्टर तारेचा आकडा करून टाकीच्या तोंडातून बाहेर ओढता येतो. तो धुण्यापेक्षा वर्षाला नवा घालावा. एअर फिल्टरचा स्पंज मात्र धुवायचा, साबणाच्या पाण्यात, पिळून सावलीत पूर्ण सुकवायचा. पुस्तिकेत सांगितलं असेल तर दोन थेंब ऑइल चोळून पुन्हा पिळायचा. हातात घेतल्यावर चुरा पडत असेल तर फेका. स्पंज न घालता ‘आजच्या दिवस’ चालवायचा मोह होतो. आत गेलेली धूळ सिलिंडर घासते आणि ते नुकसान परत भरून निघत नाही.

सिलिंडरच्या पात्यांमध्ये सुकलेलं गवत अडकलेलं असतं, ते काडीने काढा. हवेवर थंड होणारं इंजिन आहे, त्याला दुसरा आधार नाही.

प्लग काढून त्याचं टोक बघितलं तर इंजिनाची तब्येत कळते. बदामी, दुधाच्या चहाचा रंग असेल तर उत्तम. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त झालंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारा खटका) लावून चालवलंय. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पोचतंय आणि इंजिन तापतंय. हे सगळ्यात वाईट. टोकातली फट साधारण ०.६ ते ०.७ मिमी ठेवतात. नवा प्लग आधी हातानेच आटे धरेपर्यंत फिरवा, पाना शेवटी. आटे तिरके गेले तर ॲल्युमिनियमचं सिलिंडर वाया जातं.

सुरू करण्याची पद्धत माहीत असूनही लोक चुकतात, मीही चुकलो. फुगा सात-आठ वेळा दाबायचा, परतीच्या नळीत पेट्रोल दिसेपर्यंत. चोक लावायचा. मशीन जमिनीवर दाबून धरून दोरी ओढायची. तीन-चार ओढीत एकदा ‘फट्’ असा आवाज येऊन इंजिन बंद पडतं. तो आवाज म्हणजे चोक काढायची खूण. तो ऐकू आला नाही किंवा ऐकून सोडून दिला आणि चोक तसाच ठेवून ओढत राहिलो की सिलिंडर पेट्रोलने भिजतं, आणि मग दीड दिवस पडवीत. भिजलंच तर प्लग काढा, पुसा, स्विच बंद, चोक उघडा, आणि प्लगशिवाय आठ-दहा वेळा दोरी ओढून आतलं पेट्रोल उडवून लावा. त्या वेळी आसपास विडी, चूल, समई काही नको.

एवढं करूनही मशीन चालू होऊन बंद पडत असेल, किंवा चोक लावल्यावरच चालत असेल, तर दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल नि हवा मिसळणाऱ्या भागात आहे. या कार्बोरेटरला जुन्या बाइकसारखी पेट्रोलची वाटी नसते. मशीन कसंही तिरकं धरलं तरी चालावं म्हणून आत रबराचा पातळ पडदा असतो आणि तो इंजिनाच्या ठोक्यांवर हलून पेट्रोल खेचतो. जुन्या पेट्रोलने हा पडदा पापडासारखा कडक होतो. पडद्याचं किट वेगळं मिळतं. फवाऱ्याने सफाई करायची असेल तर आधी रबर काढून ठेवा, नाहीतर फवाराच ते खातो. बाजूचे स्क्रू मात्र उगाच फिरवू नका. फिरवायचेच असतील तर आधीच्या जागेचा फोटो काढा. फक्त मंद गतीचा स्क्रू आपल्या कामाचा: गतीचा खटका सोडल्यावर खालचं हेड फिरत राहत असेल तर गती थोडी कमी करा.

तंगुसाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि कामात सगळ्यात जास्त अडचण तोच करतो. जाडी हेडला चालते तीच घ्यायची, आपल्याकडच्या मशीनना बहुतेक २.४ मिमी. जास्त जाड घातला तर इंजिन दमतं. वर्षभर माळ्यावर सुकलेला तंगूस ठिसूळ होतो आणि जांभ्याच्या गडग्याला लागला की कटाकट तुटतो. तो आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. नायलॉन पाणी पितं आणि पुन्हा लवचीक होतं. पावट्यासारखा भिजत ठेवायचा, एवढंच. गुंडाळताना मधोमध दुमडायचा, खाचेत अडकवायचा, रिळावरच्या बाणाच्या दिशेने दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात ताणून, एकमेकांवर न चढवता. सैल गुंडाळला किंवा पदर चढले की आत तापून एकमेकांना चिकटतात आणि हेड कितीही आपटलं तरी दोरा सुटत नाही. शेवटी वीतभर बाहेर ठेवा. गार्डवर जी छोटी पाती असते ती दोरा मापात कापते. ती काढून टाकणारे शहाणे गावोगाव आहेत.

खालच्या गिअरच्या डब्यावर एक बोल्ट असतो. तो काढून ग्रीस बघा, सुकलं असेल तर भरा, गच्च नाही. लोखंडी पातं लावणार असाल तर त्याचा नट बहुधा उलट आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने माझ्या मेव्हण्याने दांडीवर उभं राहून तो इतका आवळला की शेवटी गॅरेजला न्यावा लागला.

अंगावर काय घालायचं यात घासाघीस नको. गमबूट, कारण गवतात फुरसं असतं आणि ते कळेपर्यंत पाय त्याच्यावर पडलेला असतो. शिवाय साचलेल्या पाण्यातून लेप्टोची भीती आहेच. जाड पँट, डोळ्यांना चष्मा, कानात बोळे. सुरू करण्याआधी काठीने झुडपं हलवून गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना बघा. पोरंटोरं १५ मीटर लांब. कापताना उजवीकडून डावीकडे, म्हणजे कापलेलं गवत कापलेल्या बाजूलाच पडतं. आणि आंब्या-काजूच्या कोवळ्या कलमांभोवती हातभर गवत कोयतीने काढा. तंगूस बुंध्याची साल गोल सोलतो. झाड महिनाभर हिरवं दिसतं आणि दिवाळीनंतर वाळतं.

परतीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवा, गाडी पकडायच्या सकाळी हे होत नाही. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढा आणि ज्याच्याकडे टू-स्ट्रोक मशीन असेल त्याला देऊन टाका. फुगा दाबून उरलेलं बाहेर काढा, मशीन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग चोक लावून पुन्हा दोन-तीनदा ओढा. प्लग काढून आत चमचाभरापेक्षा कमी टूटी ऑइल सोडा, दोरी हळू तीन-चारदा ओढा, प्लग बसवा. हेडखालचं ओलं गवत खरवडा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत घाम धरतो. जुन्या चादरीत गुंडाळून वाशाला आडवं टांगा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबा, शेपूट बाहेर लोंबती ठेवून, म्हणजे काढायची आठवण राहते.

दांड्याला एक पुठ्ठा बांधा आणि पेनाने लिहा. माझ्या पुठ्ठ्यावर यंदा असेल: टाकी कोरडी, प्लग नवा, तंगूस दोन वेळेपुरता, बोळा काढ.